न लागलेली जोड

नागपंचमीच्या दिवशी आमच्या उज्जैन नगरीत दोन ठिकाणी गर्दी होते. पहिली महाकालेश्वराच्या मंदिरात. त्या मंदिराच्या सर्वांत वरच्या मजल्यावर नागचंद्रेश्वर आहे आणि त्याचे दार वर्षातून केवळ याच दिवशी उघडते. दुसरी गर्दी आखाड्यांत जमते. ती पहिलीच्या मानाने फार लहान, आणि खरे सांगावयाचे तर वर्षागणिक अधिकच लहान होत चाललेली. माती खणून, चाळून, तीत तेल, ताक आणि हळद घालून ती मऊ केलेली असते. मारुतीपुढे नारळ फुटतो, पोरे शड्डू ठोकतात आणि कडेच्या बाकावर बसलेली वृद्ध मंडळी, समोर चाललेली कुस्ती सोडून, कधीच न झालेल्या कुस्त्यांविषयी हिरिरीने भांडू लागतात.

गेल्या नागपंचमीला असेच एक भांडण माझ्या देखत झाले. एका बाजूला सत्तरी उलटलेले एक वस्ताद होते, आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्याच तालमीत पहिले धडे गिरवून आता गादीवरच्या स्पर्धांत उतरणारा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. वस्ताद म्हणाले, "गामा आज असता, तर तुमच्या त्या गादीवरच्या पदकवाल्यांना सलामी झडताच आस्मान दाखवले असते." मुलगा अदबीने पण ठामपणे म्हणाला, "वस्ताद, गामांना गुणांची कुस्ती कुठे ठाऊक होती? आमची कुस्ती सहा मिनिटांची. गामांची पकड बसायच्या आतच आमचे दहा गुण होऊन पंच शिटी वाजवतील." मी पुस्तके चाळणारा मनुष्य आहे, अशी माझ्याविषयी एक गैरसमजूत आहे. त्यामुळे निवाडा माझ्याकडे आला. मी त्या वेळी हसून तो टाळला. पण घरी परतल्यावर प्रश्न काही मनातून जाईना. तोच आज आपल्यापुढे मांडतो.

कुस्तीच्या भाषेत ज्याला 'जोड' म्हणतात, तो शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. दोन मल्ल एकमेकांसमोर उभे केले म्हणजे जोड होत नाही. अंगापिंडाने, वयाने, तयारीने जे तुल्यबळ आहेत, ज्यांच्या कुस्तीचा निकाल आधी सांगता येत नाही, त्यांचीच जोड लागते. जत्रेच्या मैदानात जोड लावणारे जाणते पंच असत. पोरांचे दंड चाचपून, मानेकडे एक नजर टाकून ते जोड ठरवीत. हा तराजू डोळ्यांचा असे. पण तो सहसा खोटा पडत नसे. आता प्रश्न असा, की ज्यांच्यामध्ये पन्नास-साठ वर्षांचे अंतर पडले आहे, अशा दोघांची जोड लावावयाची तर कोणाच्या डोळ्यांनी?

हा छंद केवळ आपलाच नव्हे. मुष्टियुद्धाच्या जगात तर तो फारच बोकाळलेला आहे. १७५ पौंडांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ७९ किलोंच्या, 'लाइट हेवीवेट' गटात १९५२ ते १९६२ या दशकात अजिंक्य राहिलेला आर्ची मूर हा त्यानंतरच्या अमुक विजेत्यापुढे टिकला असता काय, या प्रश्नावर तिकडील रसिक रात्री जागवितात. इतकेच नव्हे, तर १९६९ साली अमेरिकेत एका गणकयंत्राला दोन जगज्जेत्यांची माहिती पुरवून त्यांची लढत ठरविण्यात आली. रॉकी मार्सियानो हा १९५६ मध्येच निवृत्त झालेला, तर मुहंमद अली ऐन उमेदीतला. दोघांना प्रत्यक्ष बोलावून लुटुपुटीचे ठोसे मारावयास लावले, त्याचा चित्रपट काढला आणि यंत्राच्या कौलानुसार तेराव्या फेरीत मार्सियानो विजयी झाल्याचे दाखविले. चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच बिचारा मार्सियानो विमान अपघातात मरण पावला होता. आणि गंमत अशी, की त्या लढतीचे एकापेक्षा अधिक शेवट चित्रित करून ठेवलेले होते! यंत्राचा कौल म्हणजे काय, हे त्यावरून आपण ओळखावे.

तेव्हा यंत्राला सोडून आपण आपल्या मातीतली जोड घेऊ. एका बाजूला गामा. जन्म १८७८ चा. आजच्या मध्य प्रदेशातील दतिया संस्थानाच्या आश्रयाने वाढलेला. उंची साडेपाच फुटांच्या थोडी वर, आणि लंडनला गेला तेव्हा वजन सुमारे २०० पौंड, म्हणजे ९० किलो. दुसऱ्या बाजूला सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने. १९६२ साली जकार्त्याच्या आशियाई क्रीडास्पर्धेत ९७ किलो गटात त्यांनी मुक्त शैलीत सुवर्णपदक मिळविले आणि ग्रीको-रोमन शैलीत रौप्य. त्याच स्पर्धेत त्यांच्याहून वरच्या गटात गणपतराव आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि मुक्त शैलीत रौप्य पटकावले, हेही मराठी माणसाने विसरू नये. गामा आणि माने. ही जोड लागली असती तर?

पहिला प्रश्न वजनाचा. ९० आणि ९७ यांत सात किलोंचा फरक आहे. जुन्या मैदानात सात किलोंना कोणी विचारले नसते. गामाने लंडनहून परतल्यावर ज्या रहीमबक्ष सुलतानीवाल्याला अलाहाबादेत हरविले, तो जवळजवळ सात फूट उंच म्हणून गाजलेला होता. परंतु विषम जोडीविषयीची कुरकुर मात्र आपल्याकडे फार जुनी आहे. भागवताच्या दशम स्कंधात, मथुरेच्या रंगमंडपात चाणूर आणि मुष्टिक या पर्वतप्राय मल्लांपुढे कृष्ण-बलराम हे कोवळे किशोर उभे राहतात, तेव्हा प्रेक्षकांतील स्त्रिया म्हणतात, की अशी असमान झुंज पाहणे हाच अधर्म आहे. वजनगटाची ही आपल्या वाङ्मयातील एक फार जुनी मागणी म्हणावी लागेल. आणि ती झुंज जिंकून ते दोघे बंधू शिकावयास कोठे आले? तर याच अवंतिकेत, सांदीपनींच्या आश्रमात.

पण वजनगट केले म्हणून जोड समान होते, असेही नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला ५७ किलो गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच ५७ किलो गटात रविकुमार दहियाने २०२१ मध्ये टोकियोला रौप्य आणि अमन सेहरावतने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळविले. वजनाचा आकडा तोच, पदकेही जवळपास तीच. जोड लावावयास यापरते काय हवे? पण पॅरिसमध्ये अमनचे वजन उपान्त्य कुस्तीनंतर साठ किलोंच्या वर गेले होते आणि रातोरात घाम गाळून त्याने साडेचार किलोंहून अधिक वजन उतरविले, हे वृत्त आपण वाचले असेल. म्हणजे तराजूवर ५७ किलो भरणारा आजचा मल्ल मातीत उतरतो तेव्हा ५७ किलोंचा असतोच असे नाही. आकडा तोच राहिला. आकड्यामागचा माणूस बदलला.

दुसरा प्रश्न भूमीचा आणि नियमांचा. येथे गामाच्याच आयुष्यातील दोन कुस्त्या आपल्याला फार मोठा धडा देतात. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची कुस्ती झाली. पहिल्याच मिनिटात गामाने त्याला खाली घेतले. झिबिस्को पोटावर पडून गादीला जो चिकटला, तो अडीच तास उठला नाही. गामाला त्याला चीत करता आले नाही आणि कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने ती पुन्हा व्हावयाची होती. झिबिस्को आलाच नाही आणि विजय गामाला देण्यात आला. पुढे १९२८ च्या जानेवारीत पतियाळ्याला हेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. या वेळी खाली माती होती. दोघेही पन्नाशीच्या आसपास पोहोचलेले. ती कुस्ती एक मिनिटही चालली नाही. झिबिस्को चीत झाला.

श्रोतेहो, मल्ल तेच, पण एका ठिकाणी अडीच तासांत निकाल नाही आणि दुसऱ्या ठिकाणी मिनिटाच्या आत. झालेल्या कुस्तीचीच जर ही कथा, तर न झालेल्या कुस्तीविषयी छातीठोकपणे कोणी बोलावे?

आणि यातच आमच्या वस्तादांचा व त्या मुलाचा, दोघांचाही वाद उलटा होतो. आजच्या नियमांनी सहा मिनिटांत गामाचा पराभव होईल, असे मुलाचे म्हणणे. पण लंडनची ती कुस्ती आजच्या नियमांनी खेळली गेली असती, तर पहिल्याच मिनिटाला प्रतिस्पर्ध्याला खाली घेतल्याचे दोन गुण गामाला मिळाले असते, पोटावर पडून राहणाऱ्या झिबिस्कोला एकही नाही, आणि सहाव्या मिनिटाला गामाचा हात वर झाला असता! गामाला त्या दिवशी विजय नाकारला तो ज्या निकाली कुस्तीचा वस्तादांना अभिमान आहे, तिनेच. आणि जी गुणांची कुस्ती त्यांना पोरखेळ वाटते, तिने तो दिला असता. मी हे पुढे दोघांना सांगितले, तेव्हा दोघेही क्षणभर गप्प झाले. आखाड्यात हे क्वचितच घडते.

तिसरा प्रश्न स्मृतीचा. जुना मल्ल आपण पाहिलेला नसतो, ऐकलेला असतो. आणि ऐकलेला मल्ल दर पिढीला थोडा वाढतो. बडोद्याला एक दगड आहे. तो गामाने १९०२ साली उचलला, असे सांगतात, आणि त्याचे वजन १२०० किलो असल्याचेही सांगतात. आता, भारोत्तोलनात जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेने २०२१ मध्ये २६७ किलो डोक्यावर उचलून जो विक्रम केला, तो या महाकाय पुरुषाच्या जन्मभराच्या तपश्चर्येचे फळ होता. ९० किलोंच्या माणसाने त्याच्या चौपटीहून अधिक भार उचलला, असे आपण मानावे काय? कदाचित तो दगड हलविला असेल, कलता केला असेल. गामाला थोर ठरविण्यासाठी त्या दगडाची आवश्यकताच नाही. लंडनची अडीच तासांची कुस्ती पुरेशी आहे. तथापि भक्ताला देव पुरत नाही, त्याला चमत्कारही हवा असतो.

एवढे सर्व म्हटल्यावरही, 'तुमचा निवाडा काय' असे आपण विचाराल, आणि तो टाळणे पळपुटेपणाचे होईल. माझा कौल असा. माती असेल, वेळेचे बंधन नसेल आणि पाठीला माती लागल्यावाचून निकाल नसेल, तर मी गामाच्या बाजूने उभा राहीन. कारण निवृत्तीपर्यंत ज्याची पाठ कोणी मातीला लावू शकले नाही, त्याच्या दमाला मर्यादा घालणारा मी कोण? गादी असेल, गुण असतील आणि घड्याळ चालू असेल, तर मारुती माने. सात किलोंची आघाडी त्यांच्याकडे आहे, मातीत वाढून गादीवर जिंकण्याचे दुहेरी शिक्षण त्यांच्याकडे आहे, आणि पायांना हात न लावता कमरेच्या वर झुंजण्याची ग्रीको-रोमन विद्याही त्यांच्याकडे आहे. मात्र ती कुस्ती एक-दोन गुणांच्या फरकानेच सुटेल, आणि सुटल्यावर वस्ताद पंचांशी भांडतील, याविषयी मला शंका नाही.

पण श्रोतेहो, येथपर्यंत आल्यावर मला एका फार जुन्या मल्लाची आठवण होते. तो आमच्या याच उज्जैनचा. उत्तराध्ययन सूत्र या जैन आगमग्रंथावरील टीकांमध्ये त्याची कथा आली आहे. त्याचे नाव अट्टन. हा अट्टन दरवर्षी उज्जैनहून निघून सोपारक बंदराला जाई. सोपारक म्हणजे आपल्या वसईजवळचे नालासोपारा. तेथील राजा सिंहगिरी मल्लांचा मोठा चाहता. अट्टन दरवर्षी तेथील मैदान मारी आणि विजयपताका घेऊन परत येई. परराज्याच्या मल्लाने आपली पताका न्यावी, याचे राजाला वैषम्य वाटू लागले. त्याने एक दांडगा कोळी तरुण हेरला, त्याला खुराक दिला, शिकविले आणि पुढच्या वर्षी अट्टनासमोर उभा केला. त्याचे नाव पडले मच्छियमल्ल. अट्टन हरला.

हरलेल्या अट्टनाने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. 'मी ऐन उमेदीत असतो तर' असे तो म्हणाला नाही. आपले वय उतरते आहे आणि त्या पोराचे चढते आहे, हे त्याने ओळखले आणि तो शिष्याच्या शोधात निघाला. भरुकच्छाकडच्या, म्हणजे भडोचकडच्या एका गावात त्याला एक शेतकरी दिसला. एका हाताने नांगर धरलेला, दुसऱ्या हाताने कापूस वेचणारा. अट्टनाने त्याला उज्जैनला आणले, शिकविले आणि सोपारकाला नेले. हा फलहीमल्ल. पहिल्या दिवशी कुस्ती बरोबरीत सुटली. रात्री अट्टनाने शिष्याला विचारले, 'बाबा, कोठे कोठे दुखते ते सांग.' त्याने न लाजता सर्व सांगितले. अट्टनाने तेथे तेथे मर्दन करून, शेकून त्याला पुन्हा ताजा केला. राजाचे सेवक मच्छियमल्लाकडेही गेले. तो गर्वाने म्हणाला, की मला काही झालेले नाही. तो कोण मला दुखविणार! दुसरा दिवसही बरोबरीत गेला. तिसऱ्या दिवशी दुखणे लपविणारा मल्ल थकला, आणि दुखणे सांगणारा जिंकला.

दोन युगांच्या मल्लांची जोड कशी लावावी, या प्रश्नाचे इतके शहाणे उत्तर मी अन्यत्र वाचलेले नाही. उतरत्या वयाने चढत्या वयाशी झुंजावयाचे नसते. त्याच्या पाठीमागे उभे राहावयाचे असते. जुन्याची नव्याशी खरी जोड आखाड्याच्या मध्यभागी लागत नाही. ती रात्री, तेलाच्या वाटीपाशी, 'कोठे दुखते' या प्रश्नाने लागते.

पण कथा तेथे संपत नाही, आणि तिचा पुढचा भाग आपल्याला टोचणारा आहे. अट्टन पुढे खराच म्हातारा झाला. ज्याने आयुष्यभर पताका आणल्या, त्याला त्याचे घरचेच विचारेनासे झाले. टीकाकारांनी ही कथा सांगितली ती मुळी म्हातारपणापासून कोणाचे रक्षण होत नाही, हे पटविण्यासाठी. आपल्याला ती दूरची वाटावयास नको. गामाची अखेरची वर्षे लाहोरला आजारात आणि विवंचनेत गेली; १९६० साली तो वारला. खाशाबांना हेलसिंकीला पाठविण्यासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि त्यांच्या महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकले, असे कोल्हापूर-कऱ्हाडकडे अजून सांगतात. ते पदक घेऊन परत आल्यावर त्यांची मिरवणूकही निघाली. पण १९८४ मध्ये रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला तोपर्यंत त्यांना अर्जुन पुरस्कारसुद्धा मिळालेला नव्हता. तो मरणोत्तर मिळाला.

आपण मल्लांच्या तारुण्याच्या जोडी हौसेने लावतो. त्यांच्या म्हातारपणाची जोड कोणाशी लागली होती, हे मात्र विचारीत नाही. गामा विरुद्ध माने या कुस्तीचा निकाल कधीच लागणार नाही. परंतु वार्धक्य विरुद्ध मल्ल ही कुस्ती आपल्या गल्लीतील प्रत्येक तालमीत रोज चालू आहे, आणि तेथे प्रेक्षक नाहीत.

उज्जैनला मल्लखांबाची मोठी परंपरा आहे. मध्य प्रदेश शासनाने २०१३ मध्ये त्याला राज्याचा खेळ म्हणून मान दिला. मला कधी कधी वाटते, सर्व युगांतील मल्लांना समान असा एकच प्रतिस्पर्धी आहे, आणि तो म्हणजे हा लाकडी खांब. तो म्हातारा होत नाही, नियम बदलत नाही आणि फुशारकीही मारीत नाही. माणसाचे तसे नाही. माणसाला म्हणूनच दुसऱ्या माणसाची गरज लागते.

त्या नागपंचमीचा शेवट सांगून थांबतो. फड पांगला. वस्ताद बाकावरून उठावयास लागले आणि गुडघ्यावर हात ठेवून मध्येच थांबले. मुलाने विचारले, "वस्ताद, गुडघा दुखतो का?" वस्ताद म्हणाले, "छे, काही नाही." हे उत्तर मच्छियमल्लाचे होते. मुलाने ते मानले नाही. त्याने शेजारची तेलाची वाटी ओढली आणि तो मातीतच बसला. थोड्या वेळाने मी निघालो तेव्हा वस्ताद त्याला हळू आवाजात सांगत होते, की दुखणे नेमके गुडघ्यात नाही, त्याच्या थोडे खाली आहे; आणि मांडी चोळता चोळता एकेरी पट काढताना पुढचा पाय कोठे ठेवावा, तेही सांगत होते.